वसईच्या आधी मस्कत

केनियातल्या मोंबासा बंदरात, फोर्ट जीझस या पोर्तुगीज किल्ल्याच्या अगदी तटाखाली, १९७७ साली पाणबुड्या संशोधकांनी एका बुडालेल्या लढाऊ जहाजाचं उत्खनन सुरू केलं. जहाजाचं नाव ‘सांतो आंतोनियो दे ताना’. त्यातलं ‘ताना’ म्हणजे आपलं ठाणं. बेचाळीस तोफांचं हे फ्रिगेट १६८१ साली वसईला बांधून पुरं झालं होतं. ते १६९७ मध्ये बुडालं तेव्हा फोर्ट जीझसला ओमानच्या अरबांचा वेढा पडून दीड वर्ष होऊन गेलं होतं.

वसईची मोहीम मराठी वाचकाला सांगावी लागत नाही. चिमाजी अप्पा, तटाखालचे सुरुंग, १७३९ चा मे महिना हे सगळं शाळेपासून डोक्यात असतं. पण ज्या पोर्तुगीजांना चिमाजी अप्पांनी वसईतून काढलं, ते दोनशे वर्षांपूर्वीचे फिरंगी उरले नव्हते. जवळजवळ नव्वद वर्षं एक दुसरी सत्ता त्यांना समुद्रावर झोडपत आली होती. ती सत्ता मस्कतची. आपल्या पुस्तकांत ‘मस्कतचे अरब’ एवढ्याच नावानं, बहुधा चाचे म्हणून, ते एखाद्या ओळीत येतात आणि जातात. माझ्या मते त्या ओळीचं एक प्रकरण व्हायला हवं होतं.

पोर्तुगीजांचं समुद्रावरचं राज्य माणसांच्या बळावर उभं नव्हतंच. माणसं त्यांच्याकडे कायम कमी. आफ्रिकेपासून मलाक्कापर्यंत पसरलेल्या किनाऱ्यावर मोक्याचे थोडे किल्ले, थोडी तोफांची जहाजं आणि एक कागद, एवढ्यावर गाडा चालायचा. तो कागद म्हणजे कार्ताझ, समुद्रात फिरण्याचा परवाना. व्यापारी कोणीही असो, सुरतेचा, दाभोळचा की होर्मुझचा, त्यानं तो घ्यायचा, पोर्तुगीज बंदरात जकात भरायची आणि मग पुढे जायचं. कार्ताझ नसलेलं जहाज सापडलं तर मालासकट जप्त. प्रत्येक जहाज अडवणं अर्थातच शक्य नव्हतं. अडवलं जाईल या भीतीनं लोक आपणहून कागद घेत, आणि ही भीती टिकवायला अधूनमधून एखादं शहर जाळावं लागे.

ओमानच्या किनाऱ्यानं ते १५०७ मध्ये पाहिलं. अफोन्सो दे अल्बुकर्क होर्मुझकडे निघाला होता. वाटेत त्यानं कुरियात जाळलं, मस्कत जाळलं, तिथली मशीद पाडली आणि कैद्यांची नाकं-कान कापून त्यांना सोडून दिलं. सोडून देण्यातच हिशेब होता. ही माणसं पुढच्या गावी पोहोचली की तोफ डागायची गरज उरत नसे. सोहारनं लढाई न करताच मान तुकवली. त्याचं खरं लक्ष्य मात्र होर्मुझ होतं. मिठाच्या डोंगराचं, गोड्या पाण्याचा थेंब नसलेलं ते बेट आखाताच्या तोंडावर बसलेलं असल्यामुळे आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गलबताची जकात तिथे गोळा होई. १५१५ मध्ये ते कायमचं पोर्तुगीजांच्या ताब्यात आलं. समोरच्या किनाऱ्यावरचं मुसंदम हे ओमानचं टोक. आज तेलाच्या टँकरांच्या जाण्यायेण्याच्या मार्गिका त्याच टोकाजवळून, ओमानच्या सागरी हद्दीतून जातात. माल बदलला, पण अरुंद वाट आहे तिथेच आहे.

पोर्तुगीजांना पहिलं आव्हान दिलं तुर्कांनी. १५५२ मध्ये पिरी रईस हा तुर्की दर्यासारंग सुएझहून निघाला. जगाच्या नकाशासाठी आज ज्याचं नाव घेतलं जातं, तोच हा. त्यानं मस्कत घेतलं, पण होर्मुझपाशी त्याचं काही चाललं नाही. लूट घेऊन तो परतला आणि सुलतानाच्या हुकमानं कैरोत त्याचं डोकं उडवलं गेलं. दोन वर्षांनी सैदी अली रईस आला. मस्कतसमोर पोर्तुगीजांशी झुंजला, वादळात सापडला आणि उरलेली जहाजं घेऊन थेट दमण-सुरतेच्या किनाऱ्याला लागला. आरमार गेलं. तो सिंध, दिल्ली करत जमिनीवरून घरी पोहोचला आणि त्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं. पराभवातून निघालेलं इतकं वाचनीय पुस्तक क्वचितच असेल. १५८१ मध्ये मीर अली बेग या तुर्कानं अवघ्या तीन जहाजांनिशी मस्कत लुटलं, तेव्हा मात्र पोर्तुगीज जागे झाले.

त्यातून उभे राहिले मस्कतचे ते दोन किल्ले. आज त्यांना जलाली आणि मिरानी म्हणतात. काळ्या, उघड्या डोंगरांनी तिन्ही बाजूंनी वेढलेल्या खाडीच्या दोन खडकांवर ते समोरासमोर आहेत. खाडीत शिरणारं जहाज दोन्हीकडच्या तोफांच्या माऱ्यात सापडावं अशी त्यांची रचना. १५८० च्या दशकाच्या अखेरीस ते तयार झाले. समुद्राकडून मस्कत घेणं आता जवळजवळ अशक्य झालं. पुढच्या शत्रूनं मग समुद्राकडून यायचंच टाळलं.

१६२२ मध्ये इराणच्या शाह अब्बासनं इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची मदत घेऊन होर्मुझ जिंकलं. शतकभराची पोर्तुगीज जरब त्या वर्षी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं तडकली. होर्मुझचा उरलासुरला व्यापार, सैनिक, पाद्री सगळे मस्कतला आले. दोनच वर्षांनी ओमानच्या आतल्या डोंगराळ मुलखात, रुस्ताकला, नासिर बिन मुर्शिद या तरुणाची इमाम म्हणून निवड झाली. ओमानचे बहुसंख्य लोक इबादी पंथाचे. त्यांच्यात इमाम तत्त्वतः वंशानं ठरत नाही. विद्वान आणि टोळ्यांचे प्रमुख त्याला निवडतात आणि नालायक ठरला तर काढूही शकतात. नासिरनं पंचवीस वर्षं खपून आपसांत भांडणाऱ्या टोळ्या एका झेंड्याखाली आणल्या, किनाऱ्यावरचे पोर्तुगीज ठाणेदार एकेक करून हुसकावले, १६४३ मध्ये सोहार घेतलं. १६४६ मध्ये त्यानं इंग्रज कंपनीशी व्यापाराचा करारही केला. फिरंग्यांमध्येही फिरंगी-फिरंगी फरक असतो हे त्याला नीट कळलं होतं. १६४९ मध्ये तो वारला तेव्हा पोर्तुगीजांकडे मुख्यतः मस्कत आणि त्याच्या आसपासचे किल्ले उरले होते. त्याच्या जागी आलेल्या सुलतान बिन सैफनं जानेवारी १६५० मध्ये तेही घेतले.

मस्कत कसं पडलं याची एक कथा ओमानी इतिहासकार इब्न रझीकनं लिहून ठेवली आहे. मस्कतमध्ये नरोत्तम नावाचा एक हिंदू व्यापारी होता. पोर्तुगीज किल्लेदाराची नजर त्याच्या मुलीवर गेली. नरोत्तमानं नकार दिला नाही. लग्नाच्या तयारीला मुदत मागितली. त्या मुदतीत त्यानं किल्लेदाराला पटवलं, की टाक्यांतलं पाणी जुनं झालंय, ते उपसून टाकू; कोठारातलं धान्य किडलंय, बदलू; दारूही ओली झाली असेल, नवी भरू. जुनं गेलं, नवं आलंच नाही. मग त्यानं इमामाला निरोप धाडला. बदल्यात त्याच्या घराण्याला जिझिया माफ झाला.

इब्न रझीक एकोणिसाव्या शतकातला. घटनेनंतर दोनशे वर्षांनी लिहिलेली ही गोष्ट जशीच्या तशी खरी धरायला मी तयार नाही. कपटी किल्लेदार, मुलीचा बाप आणि मुदत असा सगळा ऐवज कुठल्याही बखरीत शोभेल असा आहे. पण कथेनं नेमकं बोट ठेवलंय ते पाणी, धान्य आणि दारू या तिघांवर. खडकावरचा किल्ला तोफांनी उभा राहतो आणि वाण्यांच्या भरवशावर जगतो. मस्कतच्या बाजारात सिंध-कच्छकडचे भाटिया व्यापारी होते. जकातीचा जाच आणि धर्माचा जुलूम पाहिलेल्या या लोकांनी इमामाच्या बाजूनं झुकणं यात नवल काही नाही. पुढे इमामांच्या राज्यात ते टिकले, वाढले. आजच्या मस्कतमध्ये राजवाड्यापासून जवळच शंकराचं देऊळ आहे.

मस्कत बंदरात पोर्तुगीजांची जहाजंही इमामाच्या हाती लागली, आणि माझ्या मते गोष्टीला खरी कलाटणी इथे आहे. अरबांची जुनी जहाजं काथ्यानं शिवलेली असत. लाटा सोसायला ती उत्तम, पण जड तोफांचा हिसका त्यांना सोसवत नसे. आता युरोपीय बांधणीची जहाजं हातात आली आणि त्या नमुन्यावर नवीही उभी राहू लागली. ओमानमध्ये जहाजाजोगं लाकूड उगवत नाही. साग जायचा हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून. म्हणजे एकाच किनाऱ्याच्या सागवानातून दोन्ही बाजूंची जहाजं तयार होत होती.

इथे एक छोटं वळण घेण्याचा मोह आवरत नाही. १६५९ मध्ये इंग्रज कंपनीनं मस्कतमध्ये आपली शिबंदी ठेवण्याची बोलणी इमामाशी केली होती. कर्नल रेन्सफर्ड नावाचा अधिकारी त्यासाठी नेमला होता. तो मध्येच वारला आणि बोलणी थंडावली. दोन वर्षांत पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये ती कंपनीकडे आली. रेन्सफर्ड जगता तर मुंबईचं काय झालं असतं, या प्रश्नावर दोन मुंबईकर इतिहासप्रेमी रात्रभर भांडू शकतील.

१६६८ मध्ये मस्कतच्या आरमारानं दीव लुटलं. एकेकाळी ज्या दीवनं गुजरातचे सुलतान आणि तुर्क दोघांना दाद दिली नव्हती, ते दीव. परंपरा सांगते, की त्या लुटीच्या पैशातून सुलतान बिन सैफनं निझव्याचा तो प्रचंड गोल बुरूज बांधला आणि त्याला बारा वर्षं लागली. निझवा समुद्रापासून दूर, डोंगरापलीकडे आहे. पोर्तुगीजांनी किनारा सोडून आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. ओमानच्या इमामांनी मात्र समुद्रावरचा पैसा आत नेला, तिथे किल्ले बांधले, जमिनीखालून पाणी आणणारे फलज खणले, खजुराच्या बागा लावल्या. या फरकातून दोघांच्या टिकाऊपणाचा फरकही कळतो.

मग १६७४. मस्कतचे सहाशे अरब वसईला उतरले. वसईच्या कोटात शिबंदी होती, तोफा होत्या. शिबंदीनं दरवाजे लावून घेतले आणि आतून बघत राहिली. बाहेरची सगळी चर्चेस अरबांनी लुटली, माणसांवर अत्याचार केले आणि ते निघून गेले. लष्करी हिशेबानं हा एक छापाच. कोट पडला नाही, मुलूख गेला नाही. पण कोटाबाहेर राहणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशी समजलं, की संकट आलं तर दरवाजा आपल्यासाठी उघडणार नाही. ज्या भीतीवर पोर्तुगीज दीडशे वर्षं जगले, ती आता त्यांच्याच पोटात शिरली होती. त्याच साली रायगडावर राज्याभिषेक झाला. आणि त्याच साली मोरोपंत पिंगळ्यांनी कल्याणला तळ देऊन वसईच्या मुलखाकडे चौथाई मागितली. अरबांचा छापा आणि मोरोपंतांची मागणी यांत काही संगनमत होतं असा पुरावा नाही. त्याची गरजही नव्हती. समोरचा माणूस दरवाजा लावून बसतो, हे एकदा दिसलं की चौथाई मागणाऱ्याला वेगळा निरोप लागत नाही.

शिवाजी महाराजांना हा समुद्र परका नव्हता. कल्याण-भिवंडी हाती आल्यावर त्यांनी जहाजबांधणी सुरू केली तेव्हा रुई लैतांव व्हियेगश या पोर्तुगीज कारागिरालाच कामावर ठेवलं होतं. वसईच्या अधिकाऱ्यांचा दाब आला आणि तो आपल्या माणसांसह काम सोडून गेला. पोर्तुगीजांना हा धोका पहिल्या दिवसापासून कळला होता. सुरतेच्या इंग्रज वखारीच्या पत्रांत महाराजांच्या बंदरांतून इराण, बसरा, मोखा इकडे व्यापारी जहाजं जात असल्याचा उल्लेख येतो. ती वाट ओमानच्या किनाऱ्यालगतची. मस्कतशी वैर करून मराठ्यांना काहीच मिळणार नव्हतं, आणि पोर्तुगीजांचं लक्ष आखाताकडे जितकं गुंतेल तितकं इकडे बरंच होतं.

तरी ‘शत्रूचा शत्रू तो मित्र’ म्हणून मस्कतच्या इमामांना आपल्या बाजूचे वीर करून टाकणं मला मान्य नाही. १६९० च्या दशकात हेच अरब साष्टीत उतरले, गावं आणि चर्चेस जाळली, पाद्री मारले आणि माणसं गुलाम म्हणून धरून नेली. ही माणसं कोण? साष्टीचे कोळी, कुणबी, भंडारी, दोन-तीन पिढ्यांपूर्वी बाप्तिस्मा झालेले, घरात मराठीच बोलणारे. पोर्तुगीजांच्या कागदांत ती हानीच्या हिशेबात आली, आणि आपल्या इतिहासात बहुधा तेवढीही नाहीत. ओमानमधल्या खजुराच्या बागांत गुलामांचे हात राबत. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून तर ते फार मोठ्या संख्येनं नेले गेले.

त्या आफ्रिकी किनाऱ्यावरच या वैराचा सगळ्यात लांबलेला प्रसंग घडला. मार्च १६९६ मध्ये इमाम सैफ बिन सुलतानच्या आरमारानं मोंबासाला फोर्ट जीझसला वेढा घातला. आत पोर्तुगीज थोडे, आणि त्यांच्या बाजूचे किनाऱ्यावरचे आफ्रिकी मुसलमान, त्यांच्या बायकामुलांसह, बरेच जास्त. गोव्याहून मदत पाठवायची तर वाऱ्याची वाट बघायची. पावसाळ्यात बंदर बंद, आणि ऋतू फिरला की पुन्हा तयारी. डिसेंबरात पहिली मदत पोहोचली, आणि त्यानंतर किल्ल्यात प्लेग शिरला. १६९७ च्या उन्हाळ्यापर्यंत आतले पोर्तुगीज जवळजवळ सगळे मेले. किल्ला तरीही पडला नाही, कारण फाझाचा दाऊद नावाचा शेख तो लढवत राहिला. पोर्तुगीजांचा किल्ला, ख्रिस्ताचं नाव, समोर मुसलमान इमाम आणि तट राखणारा मुसलमान शेख. धर्मयुद्धाचे साचे घेऊन हा समुद्र वाचायला जाणाऱ्यानं या दाऊदपाशी जरा थांबावं. मस्कतचं राज्य आपल्या बेटावर आलं तर काय होईल याचा त्याचा स्वतःचा हिशेब होता.

सप्टेंबरात दुसरी मदत आली. त्यात वसईचं ते सांतो आंतोनियो होतं. ऑक्टोबरात ते तटाखाली बुडालं. वेढा आणखी वर्षभर चालला. १३ डिसेंबर १६९८ ला अरब तट चढून आत आले तेव्हा लढायला मूठभर माणसं शिल्लक होती. थोड्याच दिवसांत गोव्याहून आणखी एक ताफा क्षितिजावर दिसला. किल्ल्यावर ओमानचा लाल झेंडा पाहून तो न थांबता पुढे निघून गेला.

तेहेतीस महिने. एवढा काळ गोव्याची जहाजं, दारूगोळा आणि माणसं एका आफ्रिकी किल्ल्यात ओतली जात होती. उत्तर फिरंगाण म्हणजे वसई, साष्टी, चौल, दमण हा पोर्तुगीजांचा सगळ्यात उत्पन्नाचा मुलूख. पैसा तिथून निघत होता आणि तिथल्या तटांची डागडुजी राहून जात होती. इतिहासात ‘जर-तर’ फार ताणू नये. पण वसईला घडलेलं आणि मोंबासाला बुडालेलं ते फ्रिगेट हा त्या खर्चाचा पुरेसा बोलका दाखला आहे.

अलेक्झांडर हॅमिल्टन या स्कॉट कप्तानानं १७१५ च्या मस्कत आरमाराची मोजदाद दिली आहे: एक जहाज चौऱ्याहत्तर तोफांचं, दोन साठांची, एक पन्नासाचं आणि बारा ते बत्तीस तोफांची अठरा लहान जहाजं. एवढं आरमार त्या काळी हिंदी महासागरात कुठल्याही आशियाई राज्याकडे नव्हतं. कोकणात त्याच वेळी कान्होजी आंग्रे आपले दस्तक देत होते. पोर्तुगीजांनी शिकवलेला कार्ताझचा खेळ आता सगळेच खेळू लागले होते, आणि एकाच जहाजाला तीन-तीन मालकांचे कागद घ्यावे लागले तर कोणाच्याच कागदाचा पूर्वीसारखा भरवसा राहत नाही.

मस्कतचं हे बळ मात्र एका पिढीत आतून फुटलं. १७१८ च्या सुमारास दुसरा सुलतान बिन सैफ वारला. मुलगा अज्ञान. इमाम निवडायचा की वारसानं बसवायचा, या जुन्या प्रश्नावरून टोळ्या हिनावी आणि घाफिरी अशा दोन तटांत विभागल्या. यादवी वीस-पंचवीस वर्षं चालली. पोर्तुगीजांनी संधी साधून १७२८ मध्ये मोंबासा परत घेतलं, पण पुढच्याच वर्षी स्थानिकांनी उठाव करून त्यांना कायमचं घालवलं. अखेर एका इमामानं आपल्याच लोकांविरुद्ध इराणच्या नादिरशहाची मदत मागितली. १७३७ मध्ये इराणी फौज ओमानच्या किनाऱ्यावर उतरली. त्याच साली मराठे ठाण्यात शिरले. अरबी समुद्रावर शंभर वर्षं एकमेकांचा गळा धरून बसलेल्या दोघांच्याही घराला एकाच वर्षी आग लागली. फरक एवढाच, की ओमान त्यातून पुन्हा उभा राहिला. सोहारचा वाली अहमद बिन सईद यानं इराणी वेढ्यात नऊ महिने शहर लढवलं, पुढे इराण्यांना घालवून दिलं आणि इमामपद मिळवलं. त्याचंच बुसैदी घराणं आजही मस्कतला राज्य करतं.

आणि आपण? १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना बरोबर घेऊन तुळाजी आंग्र्यांवर चाल केली आणि विजयदुर्गात मराठ्यांचं सगळ्यात मोठं आरमार जळून गेलं. तुळाजीचा उद्दामपणा, पेशव्यांची अडचण, सगळं मान्य. तरी १७७५ मध्ये इराण्यांनी बसऱ्याला वेढा घातला तेव्हा अहमद बिन सईदचं आरमार शत्त-अल-अरबमध्ये शिरलं आणि ‘रहमानी’ या जहाजानं नदीवर आडवी ताणलेली लोखंडी साखळी तोडली, हे वाचताना विजयदुर्ग आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच सालापासून पुण्याचं इंग्रजांशी युद्ध पेटत गेलं, आणि इंग्रज मुंबईहून समुद्रमार्गे हवी तिथे फौज हलवत होते.

अर्थात नुसत्या जहाजांनी मस्कतही सुटलं नाही. नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला, टिपूचे वकील आणि वखार मस्कतला होतीच, आणि कलकत्त्याच्या इंग्रजांना घाम फुटला. ऑक्टोबर १७९८ मध्ये मस्कतच्या सुलताननं लिहून दिलं, की फ्रेंचांना आपल्या राज्यात जागा देणार नाही. १८०० मध्ये इंग्रज प्रतिनिधी मस्कतला येऊन राहिला. १८१९ मध्ये मुंबईहून निघालेल्या मोहिमेनं रास अल खैमाच्या कवासिम अरबांची जहाजं जाळली, आणि पुढच्या साली आखाताच्या किनाऱ्यावरच्या शेखांनी समुद्रावर शांतता पाळण्याच्या करारावर सह्या केल्या. ओमानचा सईद बिन सुलतान या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूनं होता. त्यानं १८२६ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांकडून चौऱ्याहत्तर तोफांचं सागवानी जहाज बांधून घेतलं, हॅमिल्टननं मोजलेल्या सगळ्यात मोठ्या जहाजाएवढंच. पण आता त्या तोफा डागायच्या कोणावर, हे ठरवणं मस्कतच्या हातात राहिलं नव्हतं. दहा वर्षांनी सईदनं ते जहाज इंग्लंडच्या चौथ्या विल्यमला भेट देऊन टाकलं. इंग्रजांनी त्याचं नाव ठेवलं ‘इमाम’.